मास्तरांचा विहिरीचा धडा

प्लांटवाले मास्तर कुणाचंही बोलणं सरळ मान्य करत नसत. वर्गात एखादा मुलगा म्हणाला, "सर, कॅमलच्या हंपमध्ये वॉटर असतं," की मास्तर खडू खाली ठेवून विचारत, "पाह्यलं, का ऐकलं, का वाचलं?" ऐकलं म्हटलं की पुढचा प्रश्न, कोणाकडून? मोठ्यांनाही ते सोडत नसत. बहरीनमधल्या नईम या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून बायकांनी एकटं फिरू नये म्हणतात, असं मी एकदा बोलून गेले. मास्तर स्वतः नईममध्येच राहत. "कोण म्हणतं, वहिनी?" त्यांनी शांतपणे विचारलं. 

मास्तर अकोल्याकडचे. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर टेक्निशियन होते आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सनद नावाच्या उपनगरात आमच्या मराठी मंडळाच्या व्हिलात मुलांना मराठी शिकवत, फुकट. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची मुलं इंग्रजी शाळेत जाणारी, मराठी समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. आम्ही पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्या वऱ्हाडी बोलण्याला मागून हसायचो आणि मुलांना मात्र वेळेवर त्यांच्याकडे सोडून यायचो. त्यांची मुलगी प्रज्ञाही याच वर्गात होती. दहा वर्षांची, माझ्या सईची जिवलग.

पेपर वाचायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीजवळच्या एका दुकानात मुंबईचे पेपर तीन-चार दिवस शिळे होऊन यायचे. मास्तर नेहमी दोन घेत, एकमेकांचं तोंड न पाहणारे. एकच बातमी दोन्हीकडून कापून वहीत शेजारी शेजारी चिकटवत आणि म्हणत, "दोघायच्या मधात जे सांडलं, ते खरं."

एका शुक्रवारी त्यांनी 'आपलं गाव' हा धडा घेतला. मुलांनी गाव पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी एका विहिरीची गोष्ट सांगितली. सगळे पाणी शेंदून नेत. एक म्हातारी मात्र घागर घेऊन लांब उभी राही, कुणीतरी वरून ओतेपर्यंत. गाव कुठलं, म्हातारी कोण, काही सांगितलं नाही. माझ्या सईने विचारलं, "व्हाय डिडन्ट शी जस्ट टेक इट?" मास्तर म्हणाले, "चांगला प्रश्न हाय. सुट्टीत गेलीस की तुह्या आजीला विचार, तुमच्या विहिरीवर कोण कोण पाणी भरायचं. ती सांगेल ते वहीत लिहून आण." बस, एवढंच. आम्ही सहा-सात जणी शेजारच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, दार सताड उघडं होतं. शब्द न् शब्द आमच्या कानावर पडला. "छान सांगतात हो," असं एक जण म्हणालीसुद्धा.

मंडळाचे सेक्रेटरी मुंबईच्या मेहुण्याशी फोनवर बोलताना हे गमतीने सांगून बसले. मेहुणा पेपरात होता. आठवड्याभरात बातमी आली, 'आखातातल्या मराठी मुलांच्या वहीत जातीचं विष'. मुलांना आपल्या आजीचा द्वेष करायला शिकवतात, असं खाली. दोन दिवसांनी विरुद्ध बाजूच्या पेपराने छापलं, 'आखातात दलित शिक्षकाच्या तोंडाला कुलूप'. तोवर कुणी कसलंही कुलूप लावलेलं नव्हतं. एकानेही मास्तरांना फोन केलेला नव्हता. एकाला त्यांना झोडायचं होतं, दुसऱ्याला त्यांचा झेंडा करायचा होता. आजही आठवलं की मला दोघांची सारखीच शिसारी येते. दुसऱ्याची जराशी जास्तच, कारण मास्तरांनी वर्गात स्वतःची जी जात कधी उच्चारली नव्हती, ती त्याने कैवार घेताना मथळ्यात छापली.

कात्रणांच्या झेरॉक्स ऑफिसाऑफिसांतून फिरल्या. आणि मग आम्ही जे केलं, ते फक्त आम्हीच करू शकतो. स्वतःच्या कानांनी ऐकलेला धडा आम्ही विसरलो आणि समुद्रापलीकडून आलेला छापील धडा खरा मानला. "असं शिकवत होते? आपल्याला कळलंच नाही बाई," असं त्याच चहा गाळणाऱ्या बायका म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत मुलांना पाणी द्यायचं काम प्रज्ञाकडे असे. ट्रेमध्ये ग्लास मांडून ती सगळ्यांपुढे फिरायची आणि ते काम तिला फार आवडायचं. कात्रणांनंतरच्या शुक्रवारी चार मुलं घरून पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.  घसे बसतात हल्ली, एवढंच कारण. त्यापुढच्या शुक्रवारी नऊ बाटल्या होत्या आणि त्यांतली एक मी दिलेली होती. सगळ्याच देतायत म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. सई गाडीत म्हणाली, "बट व्हाय, आई? पाणी तर सेम आहे." मी तिला गप्प बस म्हणाले.

मास्तरांनी ट्रे पाहिला. भरलेले ग्लास तसेच परत आले होते.  संध्याकाळी कमिटी आणि आम्हा पालकांसमोर त्यांनी एक कागद ठेवला. दोन्ही पेपरांना पत्र होतं, चार ओळींचं. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते तेवढं लिहिलेलं, तक्रार नाही, मागणी नाही. "मले सही मागावी लागायला नको होती," ते म्हणाले, "पण तुम्ही ऐकलं हाय. माझ्या एकट्याच्या सहीनं ते छापणार नाहीत." सेक्रेटरी म्हणाले, इंशाल्ला, जरा वातावरण निवळू द्या. मी म्हणाले, ह्यांच्या बँकेत उगाच चर्चा नको. कागद सगळीकडे फिरून एकाही सहीविना परत आला. मास्तरांनी एकट्याच्या सहीने तो पाठवला. पहिल्या पेपराने छापला नाही. दुसऱ्याने त्यातली एक ओळ उचलून आणखी एक मथळा केला आणि मुंबईत सत्कार ठेवला. 'आखातातला लढवय्या'. मास्तरांनी कळवलं, मी लढलो नाही, धडा शिकवला. तेही कुणी छापलं नाही.

पुढच्या शुक्रवारपासून ते आले नाहीत. वर्ग चालू राहिला. नव्या बाईंनी श्लोक आणि शुद्धलेखन घेतलं आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. वर्षभराने कळलं की मास्तरांनी राजीनामा दिलाय आणि सगळं कुटुंब अकोल्याला परत चाललंय. मला राहवेना. सईला घेऊन मी नईमला त्यांच्या घरी गेले. अर्धं सामान बांधलेलं होतं. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी पेपरवाल्यांना खूप शिव्या दिल्या, अगदी मनापासून. तुमचं वाटोळं केलं त्यांनी, म्हणाले.

मास्तर खोक्याला दोरी आवळत होते. ती गाठ पुरी करून म्हणाले, "पेपरवाल्यायवर राग नाही, वहिनी. त्यायनं काही ऐकलंच नव्हतं."

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. चहा घ्या, थंडा होते, म्हणाले. सई आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून प्रज्ञाला दोनदा हाक मारून आली. दार आतून लावलेलं होतं. थोड्या वेळाने आम्ही निघालो.