सुरम्याचा दगड

आमच्या नाहूरच्या घरात टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात दगड होते. बाबांनी राजस्थानातल्या एका शिशाच्या खाणीत अठरा वर्षं काढली. तिथे ते सॅम्पलर होते. खाली उतरायचं, भिंतीचे तुकडे काढायचे, पिशवीत भरून चिठ्ठी लावायची आणि वर प्रयोगशाळेत पाठवायचे, म्हणजे पुढे कुठे खणायचं ते साहेबांना कळायचं. मी पहिलीत असताना खाण बंद झाली आणि मूळचे मालवणचे आम्ही तिथून मुंबईत आलो.

दगडांची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. काळपट, चौकोनी, आरशासारख्या बाजूंचा तो गॅलेना, म्हणजे शिशाचं मुख्य खनिज. मधाच्या रंगाचा स्फॅलराइट, तो जस्ताचा. पांढरा, खडीसाखरेसारखा दिसणारा सेरुसाइट. आणि बारीक हिरव्या काड्यांचा पायरोमॉर्फाइट, जो बाबा कुणालाही हातात घेऊ देत नसत, कारण काड्या तुटायच्या. बाबांची परीक्षा ठरलेली असायची. "डोळे मीट. हातावर घे. कुठला?" शिशाचे दगड ओळखायला डोळे लागत नाहीत. एवढासा तुकडा असतो आणि तळवा खाली जातो.

खाण मी नीट पाहिली ती बंद पडल्यावर. तेरा वर्षांची होते. बाबा कुणाच्या तरी लग्नाला तिकडे निघाले होते, मला बरोबर घेऊन गेले. कॉलनीतल्या आमच्या घराची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या होत्या. खाली उतरायच्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती. बाबांनी जाळीतून खडा टाकला आणि आम्ही ऐकत उभे राहिलो. खालून पाण्याचा आवाज आला तेव्हा मी दचकले, कारण तोवर मला वाटायला लागलं होतं की आता तो येणारच नाही. शेजारी टाकाऊ दगडांचा मोठा ढीग होता आणि त्यावर बकऱ्या चरत होत्या. बाबा म्हणाले, गॅलेना पावसापाण्यात पडून राहिला की हळूहळू बदलतो, त्यावर पांढरं धरतं, वर्षानुवर्षांनी त्याचा सेरुसाइट होतो. "माणसं गेली तरी इथलं काम चालूच असतं बघ," ते म्हणाले. त्यांना ते छान वाटत होतं. मी बकऱ्या काय खातायत ते बघत होते.

निघताना त्यांनी ढिगातून मुठीएवढा गॅलेना उचलला आणि रुमालात गुंडाळला. "हा तुझ्या आईला," ते म्हणाले. "तिचा संपत आलाय."

कारण आईला त्या दगडाचं दुसरं काम माहीत होतं. कॉलनीतल्या शेजारणींकडून ती सुरमा करायला शिकली होती. दगड खलात कुटायचा, चमक पूर्ण जाईपर्यंत घोटायचा, गुलाबपाण्यात भिजवून वाळवायचा आणि मग तुपाच्या थेंबात कालवून बाळाच्या डोळ्यांत घालायचा. तिथल्या बायकांचा आणखी एक रिवाज तिनं उचलला होता. सुरमा करायचा तो बाळाच्या आत्यानं. दुसऱ्या कुणी केला तर त्याचा गुण येत नाही म्हणे.

दादाला बाळ झालं आणि मी आत्या झाले. दादा बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने घरी नसतो. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर वहिनी अंधेरीच्या ऑफिसात परत जाऊ लागली. मी घरूनच काम करते. एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीसाठी शाळेच्या सायन्सचे प्रश्न तपासते. त्यामुळे दुपारी घरात आई, बाळ आणि लॅपटॉपसमोर मी. बाबा तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात बसलेले असतात.

अशाच एका दुपारी आईनं खल आणून माझ्यासमोर ठेवला.

"वहिनी काजळ नको म्हणालीय," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय तिला."

माझ्याशी एकटीशी बोलताना आई मालवणीवर येते. "ह्यां काजळ न्हयच गो. ह्यो दगड आसा, थंड. तुका पण घातलंय मिया, काय झाला तुका?"

"पण तिला विचारूया ना."

"ती इचारता काय माका, ऑफिसात काय करतंय म्हणान? आत्याच्या हातचोच लागता, म्हणान सांगतंय. नायतर मीच केलं असतंय."

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरीही मी खल घेतला. आईशी वाद घालण्यापेक्षा कुटणं सोपं होतं. बाळ गोधडीवर लोळत होतं, लक्ष ठेवता यावं म्हणून मी तिच्यावरच बसले आणि कुटायला लागले. दगड कठीण नसतो, पटकन फुटतो, चौकोनाचे छोटे चौकोन होतात. मग त्यांची करडी पूड. चार दुपारी मी ते केलं. पाचव्या दुपारी आईनं माझा हात धरून माझं बोट बाळाच्या डोळ्यांत फिरवलं. पुढे ती रोज घालायची आणि वहिनी यायच्या आधी ओल्या कपड्यानं पुसून टाकायची.

तीन आठवड्यांनी माझ्यासमोर दहावीचा एक प्रश्न आला. चार पर्यायांतून शिशाचं धातुक ओळखा. मी बरोबर पर्यायावर खूण केली आणि पुढचा प्रश्न उघडलाच नाही. बाळ डोळे चोळत होतं आणि तीच मूठ तोंडात घालत होतं. मी फोनवर शोधायला लागले. बद्धकोष्ठ, चिडचिड, खाणं कमी. बाळानं दोन दिवस शी केली नव्हती. पण वरणभात सुरू केला की बाळांना तसं होतं, असं वहिनीच म्हणाली होती. चिडचिड तर सगळीच बाळं करतात. प्रत्येक लक्षण आमच्या घरात होतं आणि प्रत्येकाचं दुसरं कारणही होतं. दिवसभर मी हेच करत बसले, एकदा एक बाजू, एकदा दुसरी.

संध्याकाळी वहिनी आली, हात धुऊन तिनं बाळाला घेतलं. मी बाथरूममध्ये वाक्य जुळवून आले होते.

"वहिनी, आई बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालते. त्यात शिसं असतं."

ती बाळाच्या पापण्या बघायला लागली. "कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि तू दिवसभर घरात असतेस."

 स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, तिच्या हाताला पीठ होतं. वहिनी तिला काय काय बोलली ते लिहीत नाही. वहिनी मुलुंडची, तिच्या माहेरी सगळं तोंडावर बोलून मोकळे होतात. आईनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बाळाला घेऊन मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं विचारलं. "घरी बनवलं? कुणी?"

"मीच," आई म्हणाली.

"कसं?"

"सहाणेवर घासला जरासा. जरासाच."

घरात सहाण आहे, पण तिला कुणी हात लावला नव्हता. मी खुर्चीच्या मागे उभी होते. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

रक्ताचा रिपोर्ट पाच दिवसांनी आला. शिसं हवं त्यापेक्षा बरंच जास्त होतं, पण ते उतरवायचं औषध सुरू करण्याइतकं नव्हतं. "ते घालणं बंद झालं ना, मग उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोहाचे थेंब द्या. दीड महिन्यानं परत बघू."

बाबांना सगळं तेव्हा कळलं. त्यांनी काचेचं कपाट उघडलं. "आम्हाला आंघोळ केल्याशिवाय गेटबाहेर सोडायचे नाहीत," ते म्हणाले. "कपडे तिथेच धुवायचे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचे. शिसं घरी जायला नको म्हणून. आणि मी हे टिफिनच्या पिशवीतून आणायचो." त्यांनी एकेक दगड वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात भरला आणि ओळखीच्या एका कॉलेजात देऊन आले. हिरवा गुंडाळताना त्यांचा हात थांबला नाही. सुरम्याची डबी, सहाण आणि संशय नको म्हणून खलही वहिनीनं स्वतः पिशवीत बांधून घराबाहेर काढला.

त्या दीड महिन्यात वहिनी आईशी कामापुरतं बोलायची. आई कमी जेवायची. एकदा भाजी निवडताना ती मला म्हणाली, "तू साडेतीन वर्षांची होईस्तोवर बोलत नाय हुतंस."

"काही मुलं उशिरा बोलतात, आई."

"तां नाय. तेच्यानंच झाला काय? सुरम्यान?"

मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी नाही म्हणाले. तिनं गवारीच्या शेंगा मोडत मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. माझ्या वाट्याचं तिनं घेतलंच होतं, आता जुनं काय काय उकरून तेही स्वतःवर घेत होती. आणि मी घेऊ देत होते.

दुसऱ्या तपासणीला वहिनीनं मला बरोबर नेलं. सुई टोचताना तिला बघवत नाही, म्हणून बाळाचा दंड मी धरला. रिपोर्ट आला त्या दिवशी शनिवार होता. दुपारी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"उतरायला सुरुवात व्हायला हवी होती," त्या म्हणाल्या. "उलट थोडं वाढलंय. अजून कुठून तरी पोटात जातंय."

"डॉक्टर, दगड गेले, डबी गेली," वहिनी म्हणाली. "भिंतींच्या रंगाचं विचारून आले. हळद बदलली, खेळणी टाकली. आईंना मी देवाचं कुंकूसुद्धा बंद करायला लावलं. आता काय राहिलं?"

"घरात नीट बघा. ते रांगायला लागलंय ना? जमिनीवर काय काय असतं बघा."

रिक्षा एलबीएस रोडवर सिग्नलला थांबली. बाळ वहिनीच्या ओढणीचं टोक चोखत होतं. सिग्नल सुटला की बोलायचं असं मी ठरवलं, आणि सुटल्यावर पुढच्या सिग्नलवर ढकललं. पुढचा हिरवाच होता.

"वहिनी, तो सुरमा मी केला."

"काय?"

"आईनं नाही. मी केला. चार दुपारी. सहाणेवर नाही, खलात कुटला."

ती पूर्ण माझ्याकडे वळली.

"बाळाच्या गोधडीवर बसून. पूड उडायची. मी हात तिथंच झटकत होते."

"गोधडीवर."

"हो."

"जिच्यावर हे दिवसभर असतं त्या गोधडीवर. धुतलीय ती?"

"नाही. जड आहे म्हणून आई नुसती उन्हात टाकते. मग काठीनं झोडते. घरात, खिडकीशी."

वहिनीनं बाळाच्या तोंडातून ओढणी काढून घेतली. बाळ रडायला लागलं. "दीड महिना," ती म्हणाली. "दीड महिना मी आईंना काय काय बोलले, आणि तू समोर बसून पोळी खात होतीस."

"हो."

"ह्या वाढलेल्यात तुझं गप्प बसणं किती आहे, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

घरी पोचल्यावर ती चपला न काढता आत गेली. आईनं गोधडी पसरून ठेवलेली होती, चारही कोपरे नीट ओढून, बाळ येणार म्हणून. वहिनी दारातच थांबली. "मोठी पिशवी आण," ती मला म्हणाली. "नाकाला रुमाल बांध. झटकू नकोस. आतल्या आत गुंडाळ."

"गोधडेक काय झाला?" आईनं मला विचारलं.

"मी सांगितलं वहिनीला. कोणी कुटला ते."

आई माझ्याकडे, मग वहिनीकडे बघत राहिली. "तुका कोणी सांगूक सांगितलेला?" ती हळू आवाजात म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

"आई, तुम्ही मला सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिडलेलाच होता, पण पूर्वीचा नव्हता. "मी विचारलं होतं तुम्हाला. सहाण म्हणालात तुम्ही."

 मी गोधडी गुंडाळली. ती आईच्या जुन्या नऊवारींची होती, आत तीन-चार थर, आणि शिवणीच्या रेघांत कुठे कुठे अजून बारीक चमक दिसत होती. मी चमक जाईपर्यंत घोटलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. पिशवीचं तोंड बांधलं, जमीन ओल्या फडक्यानं पुसली, फडकंही दुसऱ्या पिशवीत घातलं.

मी हात धुऊन आले तेव्हा वहिनीनं नंबर लावून फोन माझ्यासमोर धरला होता. "तूच सांग त्यांना. कुठे बसलीस, किती उडाला, किती दिवस. मला नाही माहीत, आईंनाही नाही माहीत. तुलाच माहीत आहे."

पलीकडून दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं कोण बोलताय?"

"आत्या," मी म्हणाले.

"डॉक्टर निघाल्यात, दोनच मिनिटं आहेत त्यांच्याकडे. देते, पण थोडक्यात सांगा."

बाळ वहिनीच्या कडेवर होतं, तिनं अजून त्याला खाली सोडलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. मी पहिल्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली.