‘नाव माहीत नाही’ लिहिलेला फोटो

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आज जर्मनीत, कोलोनला आमच्या युनिव्हर्सिटीत ब्लॅक हिस्टरीचा कार्यक्रम होता. लॅबमधली माझी मैत्रीण एफुआ आयोजकांपैकी एक. ढोल, नाच, गर्दी, नुसती धमाल चालली होती. एका भिंतीवर साठ वर्षांपूर्वी इथे शिकलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांचे फोटो होते. बऱ्याच फोटोंखाली लिहिलं होतं, ‘नाव माहीत नाही’.

साठीच्या एक बाई एका फोटोसमोर थबकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग एफुआचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "हे माझे बाबा. मी दोन वर्षांची असताना ते घानाला परत गेले. माझ्याकडे त्यांचा एकच फोटो आहे. त्यातही हाच कोट आहे."

एफुआने त्यांना पेन दिलं. बाईंनी सावकाश लिहिलं, ‘क्वेसी’.

"सगळ्यांनी मोठ्याने म्हणू या?" एफुआने विचारलं.

"या, बिटं," बाई कशाबशा जर्मनमध्ये म्हणाल्या, म्हणजे ‘हो, प्लीज’.

ढोल थांबले. अख्ख्या हॉलने ते नाव घेतलं. मीही घेतलं, आणि हुंदकाच फुटला.

तुमच्या घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी कोण चढलं? नाव लिहा ना. माझ्या घरातून, तुळशीराम आजोबा.