अप्पांच्या बीपीचा आलेख

अप्पांच्या रक्तदाबाचा आलेख काढून दे, असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

उलट काढू नकोस म्हणणाऱ्यांचं घरात स्पष्ट बहुमत होतं. पण मी तो का काढला ते आधी सांगतो, म्हणजे मी अगदीच वेडा वाटणार नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या घरात, मुक्काम आमच्याकडे डोंबिवलीत, आणि जीव रत्नागिरीकडच्या गावात. शिमग्याला देवाची पालखी गावात घरोघर येते. ती अंगणात टेकली की घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने पुढे होऊन सगळ्या घरासाठी देवाजवळ मागणं मागायचं. आजवर तो मान माझ्या थोरल्या काकांचा होता. काका गेले, त्यांचं वर्षही उलटलं, आणि यंदा पहिल्यांदाच तो मान अप्पांकडे आला होता.

आणि नेमकी दिवाळीच्या आधी अप्पांना भाजी बाजारात चक्कर आली. तिथून सूत्रं ताईने हातात घेतली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती माजिवड्याला राहते, पण तिचा हुकूम थेट डोंबिवलीपर्यंत चालतो. "एवढा लांबचा प्रवास, त्यात घाट, त्यात ऊन, आणि कानाशी ते ढोल," ती म्हणाली. "अप्पा कुठेही जाणार नाहीत." अप्पा वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काही वाद घातला नाही. पालखीसाठी काढून ठेवलेलं धोतर त्यांनी गुपचूप परत कपाटात ठेवलं आणि गावाचा विषयच बंद केला. मला ते फार लागलं.

शेवटी ठाकुर्लीच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढला. रोज बीपी मोजा, शिमग्याच्या तोंडावर मला दाखवा, स्थिर असेल तर खुशाल जाऊ द्या. ताईनेही ते मान्य केलं. त्याच क्षणी मी ठरवलं की अप्पांना पालखीपुढे उभं करायचंच, आणि तेही आलेखाच्या जोरावर.

"आकडे कागदावर लिहून नेले तर चालणार नाही का?" माझी बायको, माधवी, म्हणाली.

"चालेल. पण ताईला पटणार नाही. समोर चित्र दिसलं पाहिजे."

"मग कागदावरच काढा की."

"अगं, मी शिकलोय ते."

(शिकलोय म्हणजे, ऑफिसात एकदा संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण झालं होतं. दुपारच्या जेवणानंतर होतं. त्यातलं जेवण मला नीट आठवतं.)

बीपीचं नवं मशीन आणलं. दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबलं की आकडे आपोआप माझ्या मोबाईलमध्ये, तारीख-वेळेसकट. मोबाईलमध्ये मी ठळक अक्षरांत अप्पांचं नाव टाकलं. आता चूक व्हायला कुठे जागाच उरली नाही, असं मला वाटलं.

मग ऑफिसातून आल्यावर रोज संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसू लागलो. हे सॉफ्टवेअर स्वभावाने आमच्या ताईसारखं निघालं. आपण काहीही म्हटलं तरी आधी लाल अक्षरांत नकार. स्वल्पविराम राहिला, नकार. कंस बंद केला नाही, नकार. मी चिकाटीने इंटरनेटवरचे व्हिडिओ बघितले, वहीत टिपणं काढली, आणि आठवडाभराने पडद्यावर पहिला आलेख उमटला. गोल होता, रंगीत तुकड्यांचा. मी अप्पांना हाक मारली.

अप्पांनी चष्मा पुसून तो बराच वेळ बघितला. "हे काय आहे?"

"तुमचं बीपी."

"माझं बीपी पुरणपोळीसारखं का कापलंय?"

पाय चार्टमध्ये एका गोष्टीचे वाटे दाखवतात आणि बीपीचे वाटे होत नाहीत, हे मला पुढच्या व्हिडिओत कळलं. मग मी रेषेचा आलेख काढला. तो झकास आला आणि मी तो कौतुकाने ताईला पाठवला. पुढच्याच मिनिटाला तिचा फोन.

"बाळ्या, हे काय रे? एवढं वर-खाली? तू अप्पांना आधी ॲडमिट कर."

आता झालं होतं असं, की अप्पांचं वरचं बीपी एकशे अठरा ते एकशे सव्वीसच्या मध्ये शांतपणे नांदत होतं. पण सॉफ्टवेअरने उभा अक्षही तेवढाच घेतला होता! त्यामुळे दोन-चार आकड्यांचा फरकसुद्धा सह्याद्रीच्या कड्यासारखा दिसत होता. मी ताईला समजावलं, पण अक्ष वगैरे ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती. म्हटलं, थांब, सुधारून पाठवतो. अक्ष शून्यापासून घेतला, आणि वर मोकळी जागा असावी म्हणून थेट हजारापर्यंत नेला. रेषा लगेच शहाण्यासारखी आडवी झाली. पाठवली. पुन्हा फोन वाजला, आणि या वेळी ताईला धड बोलताच येईना.

"बाळ्या... अप्पा... कधी रे?"

"काय कधी?"

"ती रेषा सरळ झालीय ना रे..."

अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "अगं, मी पोहे खातोय," ते म्हणाले. "लिंबू जरा कमी पडलंय, बाकी बरा आहे."

या प्रकारानंतर शहाण्या माणसाने लॅपटॉप मिटून ठेवला असता. मी नवे व्हिडिओ शोधले. अक्षाचं गणित जमलं, रेषांना रंग आले, कोपऱ्यात अप्पांचं नाव आलं. आता आकडेही भरपूर जमले होते. पण आलेख मोठा होत गेला तशी एक काळजीची गोष्ट दिसू लागली. अप्पांचं बीपी मधूनच उसळत होतं. या वेळी अक्षाचा दोष नव्हता. आकडेच मोठे होते. रोज संध्याकाळी थोडं वर. रविवारी संध्याकाळी अजून वर. आणि संक्रांतीनंतरच्या एका दिवशी तर ठिपक्यांचा गुच्छच्या गुच्छ उठला होता.

हा आलेख ताईने बघितला की पालखी विसरायची. नको ते ठिपके पुसून टाकावेत असंही एकदा मनात आलं, पण आकडे सोयीनुसार खोडायचे नसतात, हे व्हिडिओतल्या बाईंनी बजावलं होतं. मग एकच मार्ग उरला. आलेख खाली येत नाही, तर अप्पांना खाली आणायचं!

रविवारचं मटण बंद केलं. संध्याकाळच्या बातम्या बंद केल्या. लोणचं, पापड, फरसाण वरच्या फळीवर गेलं, आणि अप्पांच्या ताटात बिनमिठाची दुधी आली.

"बाळ्या," अप्पा दुधीकडे बघत म्हणाले, "मी संध्याकाळी बीपी मोजतच नाही. मी मोजतो सकाळी, आंघोळीच्या आधी."

"अप्पा, आकडे समोर आहेत."

"आणि तो गुच्छ आहे ना, त्या दिवशी आपल्याकडे हळदीकुंकू होतं. मला तुम्ही घराबाहेर काढलेलं. मी बागेत बसलेलो."

"म्हणूनच वाढलं असेल."

अप्पांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मुकाट्याने दुधी खाल्ली. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

शिमगा जवळ आला. एवढा पथ्यपाण्याचा मारा करूनही उसळ्या कमी झाल्या नाहीत. माझ्या काळजीबरोबर त्या वाढतच गेल्या. तरी मी हटलो नाही. आलेखाची रंगीत प्रिंट काढली, तिला लॅमिनेशन केलं, लॅपटॉप पाठीला लावला आणि आम्ही ठाकुर्लीला निघालो. मी, माधवी आणि अप्पा. ताई माजिवड्याहून परस्पर आली होती आणि आमच्या आधीच पोचून केबिनच्या दारात उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी लॅमिनेशन उजेडाकडे धरलं. मग आडवं करून बघितलं. "हे सगळं एकाच माणसाचं आहे?"

"हो," मी म्हणालो. "नाव आहे कोपऱ्यात."

"एका दुपारी यांचं बीपी अर्ध्या तासात पंधरा-वीस वेळा मोजलंय. आणि दर वेळी वेगळंच आलंय."

बाईंनी लॅमिनेशन खाली ठेवलं. "तुमच्या घरात ते मशीन कोण कोण वापरतं?"

"फक्त अप्पा," मी ठामपणे म्हणालो.

माधवीने पदर सारखा केला. "तसं हळदीकुंकवाच्या दिवशी बायका आल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "मशीन समोरच होतं. गोखले काकू म्हणाल्या, माझं बघ गं जरा. एकीचं बघितलं आणि दुसरीचं नाही, असं बरं दिसत नाही ना. मग वाण दिलं आणि सगळ्यांचंच बीपी बघितलं."

"अगं, मग मला सांगायचंस की."

"तुम्ही लॅपटॉपमधून वर बघितलंत कधी?"

"आणि रविवार संध्याकाळ?" बाईंनी विचारलं.

अप्पांनी अत्यंत मायेने ताईकडे बघितलं. ताई दर रविवारी आमच्याकडे येते.

"मी फक्त एकदाच मोजलं होतं," ताई म्हणाली. "म्हणजे प्रत्येक वेळी एकदाच."

म्हणजे ताईच्या बीपीपायी अप्पांचं मटण बंद झालं होतं! पण हळहळायला वेळ नव्हता. बाहेर पेशंट ताटकळले होते आणि अप्पांचा शिमगा टांगणीला लागला होता. "यांचे सकाळचे आकडे वेगळे काढता येतील?" बाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्या टेबलावर, स्टेथोस्कोप बाजूला सारून, लॅपटॉप उघडला. माझ्या आयुष्यात आलेखाची खरी गरज पहिल्यांदाच पडली होती. सूचना टाइप केली. लाल अक्षरं. पुन्हा टाइप केली. पुन्हा लाल अक्षरं.

"कंस," माधवी मागून म्हणाली.

"काय?"

"शेवटचा कंस राहिलाय. इतके दिवस चहा ठेवायला येते तेव्हा बघते मी, दर वेळी तोच राहतो."

कंस घातला आणि आलेख आला. सकाळचे ठिपके निळे, बाकीचे सगळे लाल. निळी रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली होती, कुठे जरा वर, कुठे जरा खाली, पण तोल न सोडता. मी इतके दिवस ज्याच्यासाठी झटलो ते हेच होतं. बाई हसल्या. "अप्पा, बिनधास्त जा गावाला. माझी काही हरकत नाही." अप्पांनी टोपी काढून परत डोक्यावर घातली. ताईने डोळे पुसले आणि तिचं बघून मीही पुसले.

मी लॅपटॉप मिटायला गेलो तर बाईंनी हात मध्ये घातला. "थांबा. हळदीकुंकवाचे कळले, रविवारचे कळले. पण उरलेले हे लाल ठिपके? रोज संध्याकाळी आहेत, आणि दर आठवड्याला वर चढतायत. हे कोण?"

मी ठिपक्यांखालच्या वेळा वाचल्या. मग एकदम सगळं उमगलं. आलेख मनासारखा आला नाही की मला मशीनचा संशय यायचा. आणि मशीन चालतंय ना, हे बघायला मी तो पट्टा माझ्याच दंडाला लावायचो.

"तुम्ही त्या वेळी काय करत असता?" बाईंनी विचारलं.

"आलेख काढत असतात," माधवीने सांगितलं.

बाईंनी माझी बाही वर केली, स्वतःचा पट्टा गुंडाळला आणि मोजलं. मग गोळी लिहून दिली, वर पथ्य. लोणचं, पापड, फरसाण बंद. अप्पांना म्हणाल्या, "यांना गावाला बरोबरच न्या. तुमच्या डोळ्यासमोर असलेले बरे." त्या दिवसापासून दुधी माझ्या ताटात आली आणि अप्पांनी रविवारी मटण मागून दोनदा घेतलं.

शिमग्याला आम्ही सगळे गावी गेलो. पालखी नाचत अंगणात आली आणि टेकली, ढोल थांबले, सगळी वाडी गोळा झाली. अप्पा धोतर नेसून पुढे झाले आणि हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. शहरात सतत पुटपुटणाऱ्या माणसाचा आवाज असा खणखणीत निघाला की माझ्या अंगावर काटा आला. पावसापाण्यासाठी मागितलं, पिकासाठी मागितलं, परगावी गेलेल्या लेकरांसाठी मागितलं. प्रत्येक मागण्याला सगळी वाडी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणत होती. मी तर रंगून गेलो होतो, डोळे मिटून सगळ्यांबरोबर ओरडत होतो.

"आनि बा म्हाराजा," अप्पा म्हणाले, "ह्यो माजा बाळ्या. माज्या बीपीचं चित्र काडता काडता ह्याचंच बीपी वर गेलं. ह्याला जरा अक्कल दे, आनि तो लॅपटॉप ह्याच्यापासनं लांब ठेव, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वाडी गरजली. त्यात माधवीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, ताईचा त्याहून स्पष्ट आला, आणि सगळ्यांत मोठा आला तो माझा.