शेळीच्या कातड्याची खंजिरी

बोरगावचा हिरामण दिवसभर संत्र्याच्या बागेत झाडांना आळी करायचा आणि सांजेला भजनात खंजिरी वाजवायचा. बागेत तो दहा मजुरांतला एक. पण खंजिरीवर त्याची बोटं पडली की तालुक्याच्या सौंसरची माणसंही अभिमानानं सांगत, हा आमचा हिरामण.

सत्त्याऐंशी साली, भीमजयंतीच्या तोंडावर, ती खंजिरी फाटली. आमच्याकडे खंजिरी मढवायची ती घोरपडीच्या कातड्यानं. पातळ, ताठ, बोट लागताच बोलणारं. हिरामण नागपूरला गेला. दुकानदारानं हात जोडले. नवा कायदा आला, घोरपडीचं कातडं विकणं बंद, म्हणाला.

जयंतीला पांढुर्ण्याच्या मंडळाशी भजनाचा सामना ठरलेला. शेजारचा दादाराव म्हणाला, बांधावर घोरपड आहे, आणून देतो, कोणाला कळतं? हिरामणनं विचारलं, केवढी आहे? ते त्याच्या बायकोनं, सुशीलानं, बरोबर ऐकलं.

"सकाळी पंचशील म्हणता, अन् दुपारी घोरपडीमागं जाता का जी?"

दादाराव हसत निघून गेला. हिरामणनं खाटकाकडून शेळीचं कातडं आणलं, सुशीलासोबत ते काचेच्या तुकड्यानं खरवडून पातळ केलं, खंजिरीवर चढवून भर उन्हात वाळवलं. जयंतीच्या दुपारी ती अशी टणटणली की तो अंगणात एकटाच नाचला.

पण संध्याकाळी मांडवात धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडलेलं. त्या ओलाव्यानं कातडं सैल पडलं. पहिल्याच थापेला आवाज निघाला, भद्द. पांढुर्ण्याचा खंजिरीवाला देवीदास कातडं ओळखून म्हणाला, "हिरामणभाऊ, शेळी जित्ती हाय का अजून? कण्हून राहिली."

मांडव खदखदून हसला. मांडवामागं पंगतीच्या भाजीचं चुलाण पेटलं होतं. हिरामण उठला, धावत गेला आणि खंजिरी आचेवर धरली. तोवर त्याच्या मंडळाला ध्रुवपद लांबवण्यावाचून इलाज नव्हता. तो परतला तशी खंजिरी कडाडली. कडवं संपेस्तोवर पुन्हा सैल. पुन्हा धाव. मंडळाचे गळे बसले, तेव्हा सगळ्या मांडवानं ध्रुवपद उचललं. बायका, म्हातारे, पत्रावळी मांडणारेसुद्धा. हिरामण निघाला की सूर चढायचा, परतला की टाळ्या पडायच्या.

शेवटी त्याला धाप लागली आणि तो वाटेतच थांबला. देवीदास उठला, त्याच्या हातातून खंजिरी घेतली.

"तू गा, भाऊ. मी शेकून आणतो. माही घोरपडीची बी एक दिवस फाटनच."

चुलाणाजवळ सुशीला भाजी ढवळत होती. देवीदास तिच्यापाशी उकिडवा बसला आणि कातडं कसं खरवडायचं ते विचारू लागला.