घरच्या बाया

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ शाळेतही जमलं नाही आणि शाळा चौथीला सुटली ती सुटलीच. भोसरीच्या शाळेतले गुरुजी माझी पाटी बघून म्हणायचे, इथून कोंबडी चालत गेली का गं. तेव्हा हे कागद कधी कुणाच्या हाती लागलेच तर चुकांबद्दल राग धरू नये. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. जे तोंडानं सांगता आलं नाही ते एकदा लागोपाठ मांडून बघावं, एवढंच मनात आहे.

गोष्ट सिनेमाची आहे. पिंपरीत मुंबई रस्त्याच्या कडेला माझ्या सासऱ्यांचा मुरमाड जमिनीचा एक तुकडा होता. त्यात बाजरीसुद्धा धड यायची नाही. दसरा झाला, वाटा वाळल्या की फिरत्या सिनेमाचा तंबू तिथे उतरायचा आणि थंडी सरेपर्यंत राहायचा. तंबूच्या मालकाशी भाडं ठरवताना मामंजींनी एक अट घातली होती, की घरच्या माणसांना तिकीट नाही. मालकानं ती मान्य केली. घरची माणसं म्हणजे किती, हे दोघांपैकी कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

घरात बायका दोनच होत्या, मी आणि माझी नणंद. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी आले तेव्हा नणंद परकर-पोलक्यातली होती. तिची वेणी मी घालायचे, तिच्या डोक्यातल्या उवा मी काढायचे, आणि वयानं एवढी लहान असली तरी रीतीप्रमाणे तिला वन्सं म्हणायचे. मला चार लोकांत बोलता येत नाही. गिरणीत दळण टाकायची पाळी माझी असली तरी मागची बाई खुशाल पुढे जायची. मग वन्संच माझ्या वतीनं बोलायला लागली. वहिनी म्हणत्यात दळण जाड काढा. वहिनी म्हणत्यात भाजी कालची हाय, भाव कमी करा. मी शेजारी उभी राहून नुसती मान हलवायचे. मला त्याचं फार सुख होतं. देवानं मला एक तोंड उशिरा का होईना दिलं, असं वाटायचं.

औषधांचा कारखाना नवा उभा राहत होता. त्यातल्या कामगारांसाठी मामंजींनी घरामागे खोल्या बांधल्या होत्या. कुणी साताऱ्याकडचं, कुणी बीडकडचं, एक कुटुंब कोकणातलं. त्यांच्या बायकांना गावात ओळख नव्हती आणि पैसाही नव्हता. पहिल्या वर्षी तंबू लागला तेव्हा वन्सं म्हणाली, यांनाही नेऊ या, आपल्यातच धरू. मला ते आवडलं. कंदील घेऊन मी पुढे, वन्सं बरोबर, आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या साताठ जणी. दारावरचा माणूस चकित झाला.

"एवढ्या घरच्या? लगीन हाय का काय घरात?"

"हाय की," वन्सं म्हणाली. "तुमाला आवतान न्हाई आलं?"

तो हसला आणि त्यानं सोडलं. त्यानंतर त्यानं कधी मोजलं नाही.

आत मधोमध दोर बांधलेला असायचा. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. खाली आम्ही घरून आणलेलं पोतं अंथरायचो. आमचे हे दोराच्या पलीकडे बसून भाजलेल्या शेंगांची पुडी अलीकडे फेकायचे, नेमकी माझ्या मांडीवर. तंबूमागे इंजिन धडधडत असायचं. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबायचा आणि दिवा लागायचा. त्या दिव्यात कोण रडतंय हे सगळ्यांना दिसायचं, म्हणून बायका रीळ संपत आली की आधीच डोळे पुसून बसायच्या.

देवाचा सिनेमा असला की आम्ही चपला बाहेर काढायचो. देव पडद्यावर आला की कोकणातली बाई उठून हात जोडायची आणि मागच्या बायका तिला खाली बसवायच्या. राजाराणीचे सिनेमे वन्संला आवडायचे, राणीच्या पोलक्याच्या बाह्यांसाठी. माझा आवडता मात्र हसण्याचा होता. दोन साडू सासुरवाडीला येतात, दोघांनीही सासऱ्याला थाप मारलेली असते, आणि ती उघडी पडेल म्हणून दोघंही धान्याच्या एकाच कणगीत लपतात, एकमेकांना ठाऊक नसताना. पुढचा सिनेमा वेळेवर पोचला नाही म्हणून मालकानं तोच पुन्हा पुन्हा लावला, आणि आम्ही दर वेळी गेलो. कणगीतून दोघांची शिंक एकदम बाहेर येते तिथे तर बीडकडची म्हातारी आधीच हसायला लागायची.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं घेऊन गेलो की तिथे सिनेमा पुन्हा व्हायचा. आणि तिथे मी बोलायचे. मलाच नवल वाटायचं. मी सांगायचे, गरिबीत नटी जे लुगडं नेसली होती तेच लग्नात होतं, नुसती वर शाल घेतलेली. तुरुंगात नटाची दाढी आधी लांब होती, मग आखूड झाली, मग परत लांब. बायका दगडावर कपडे आपटायचं थांबवून हसायच्या. साताऱ्याची एक जण म्हणायची, "वैनी तंबूत मुक्या बसत्यात आन् चोरावाणी सगळं बघून येत्यात." त्या आधी किंवा नंतर माझ्या बोलण्यावर कुणी तसं हसलेलं मला आठवत नाही. त्या बायका माझ्या मैत्रिणी झाल्या होत्या. हा शब्द मी तोवर कुणासाठी वापरला नव्हता.

पुढच्या वर्षी तंबू लागला आणि काहीतरी बदललं. बायका येत होत्या, पण नदीवर मी पोचले की बोलणं खाली जायचं. मी दाढीचं किंवा लुगड्याचं काही सांगितलं तर व्हय व्हय म्हणायच्या आणि पिळे उचलून निघायच्या. मला वाटलं, मीच जास्त बोलायला लागले असेन. म्हणून कमी केलं. तरी फरक पडला नाही.

एक दिवस दुपारी मी मागच्या दारी मिरच्यांची देठं काढत बसले होते. कोकणातली बाई आली. पदराची गाठ सोडून तिनं एक आणा काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, "वहिनी, मागच्या खेपेचा राहिला होता. आणि एक विचारायचं होतं. धाकटीला घेऊन आले तर तिचा वेगळा पडेल का हो?"

मी विचारलं, आणा कसला?

ती गोंधळली. म्हणाली, सिनेमाचा. दरवेळी वन्संकडे देतो तोच. मग माझा चेहरा बघून तिला वाटलं मी रागावले आहे, आणि ती घाईघाईनं समजावू लागली. तिकिटाचे दोन आणे असतात, तुम्ही एकच घेता, त्यातही आमचा फायदाच आहे. गेल्या वर्षी तंबू उठायच्या सुमारापासून देतो, कधी चुकवलं नाही. तुम्ही तोंडानं मागायला लाजता हे वन्सं बोलली आहे, म्हणून आम्हीही कधी विषय काढला नाही.

नाही म्हणायचं होतं. मी घेत नाही, मला माहीत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. तिनं आणा माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. ती निघून गेली. मिरचीचे हात, म्हणून डोळेही पुसता आले नाहीत.

वन्सं आली तेव्हा मी तो आणा तिच्यासमोर ठेवला. ती म्हणाली, कुणाचं काय नुकसान झालं? त्यांना अर्ध्यात मिळालं. मी म्हटलं, माझं नाव का घेतलं? त्यावर तिनं अगदी सरळ उत्तर दिलं.

"तुमचं काय गेलं त्यात, वहिनी? तुमी तर कुनाशी बोलतबी न्हाई."

पैशाचं काय केलं तेही तिनं सांगितलं. चिंचवडच्या शिंप्याकडून राणीसारखं फुग्याच्या बाह्यांचं साटनचं पोलकं शिवून आणलं होतं. ते पोलकं मामानं दिलं असं तिनं मला सांगितलं होतं. त्याला हूक मी लावले होते.

गोष्ट तिथे मिटली असती तरी मी गिळली असती. पण त्याच आठवड्यात तंबूचा मालक मामंजींकडे आला. गावात बोभाटा झाला होता, की तुमची सून तंबूतल्या जागा विकते. त्यानं आवाज न चढवता सांगितलं, पण अंगणात खोल्यांतली माणसं उभी होती. तो गेल्यावर मामंजींनी मला बोलावलं. मी उंबऱ्याआड उभी राहिले. ते म्हणाले, घरात काय कमी पडलं होतं? वन्सं चुलीपाशी होती, माझ्यापासून चार हातांवर. भाकरी थापत होती. मी तिच्याकडे बघितलं. जन्मभर माझ्या वतीनं बोलली ती. गिरणीवाल्याशी बोलली, भाजीवाल्याशी बोलली, दारावरच्या माणसाशी बोलली. आता एक वाक्य बोलायचं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि दुसरा गोळा घेतला.

मामंजी म्हणाले, "सुनंनं तंबूत पाय ठेवायचा न्हाई. इषय संपला."

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्यांना सांगताना मला शब्द शोधावे लागत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला ठाऊक आहे, गेल्या साली एकदा तिला पैसे घेताना पाहिलं होतं. मग इतके दिवस का नाही बोललात, मी विचारलं. चाकणकडचं एक स्थळ वन्संसाठी चालून आलं होतं, हे मलाही माहीत होतं. ते म्हणाले, "तिचं ठरतंय. तुजं झालेलं हाय."

त्या वाक्यात सगळा हिशोब होता. मुलीचं नाव गेलं तर स्थळ जातं. सुनेचं नाव गेलं तर ती घरातच राहते, भाकरी करते, काही अडत नाही. दोरापलीकडून शेंगांची पुडी नेमकी माझ्या मांडीवर टाकणारा माणूस हा हिशोब वर्षभर मनात घेऊन बसला होता.

त्या संध्याकाळी साडवांचा सिनेमा पुन्हा लागला. तंबू आमच्या गोठ्यापासून दूर नव्हता. गाई बांधून मी तिथेच उभी राहिले. इंजिन ऐकू येत होतं, सिनेमातल्या सासऱ्याचा खोकला ऐकू येत होता. कुठे काय दिसत असेल ते मला पाठ होतं. कणगीतली शिंक आली आणि बायकांच्या अंगानं हसण्याचा लोट उठला. त्यात वन्संचं हसू मला वेगळं ओळखू आलं. कंदील घेऊन त्या दिवशी तीच पुढे गेली होती.

मग मी ठरवलं की बायांचे पैसे परत करायचे. दुसरं काही सुचलं नाही. कोंबड्यांची अंडी कारखान्यातले लोक घ्यायचे, ते पैसे माझ्याकडे असायचे. मी एकेका खोलीत गेले आणि किती दिले ते विचारलं. सगळ्यांचे मिळून अकरा रुपये भरले. एकीनं थोडे वाढवून सांगितले, ते मला कळलं, तरी दिले. होळीपर्यंत मी ते फेडत होते. मनात होतं, की पैसे पोचले की नदीवरचं बोलणं परत सुरू होईल.

तसं झालं नाही. परत दिले म्हणजे घेतले होते, असाच अर्थ झाला. कोकणातल्या बाईनं तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "जाऊ दे वहिनी, चूक माणसाकडूनच होते. तुम्ही परत केलेत, तुमचं मन चांगलं आहे." जे केलंच नव्हतं त्याची तिनं मला मनापासून माफी दिली. तेव्हा वन्संच्या हळदीला थोडे दिवस उरले होते. मी मान हलवली.

वन्सं चाकणकडे गेली. पहिल्या दिवाळीत भाऊबिजेला एसटीनं माहेरी आली. भावाला ओवाळलं, त्यांनी ताटात ओवाळणी टाकली. नंतर मी आत भांडी लावत असताना ती आली आणि ओवाळणीतले काही पैसे माझ्या हातात दिले. काय म्हणून, ते ती बोलली नाही. पुढच्या भाऊबिजेलाही तसेच थोडे. अकरा रुपयांचा आकडा मी तिला कधी सांगितला नव्हता. तिला तो माहीत होता.

तिसऱ्या वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले होते. तंबू त्या साली लागला नाही. मुरमाड तुकडा मामंजींनी एका कारखानदाराला दिला होता आणि तिथे तारेचं कुंपण पडलं होतं. वन्संच्या कडेवर मूल होतं. तिनं राहिलेली रक्कम मोजली, अर्धी जुन्या नाण्यांत, अर्धी नव्या, आणि माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी मी बोलले. तिच्याशी त्या विषयावर तीन वर्षांनी पहिल्यांदा बोलले.

"बायांना एकदा सांग, वन्सं."

तिनं मागच्या दारातून खोल्यांकडे बघितलं. कोकणातलं कुटुंब गावी परत गेलं होतं, बीडकडची म्हातारी वारली होती, साताऱ्याचे लोक काळेवाडीला राहायला गेले होते. दोरीवर दुसऱ्याच कुणाची धुणी वाळत होती.

"कुनाला सांगू, वहिनी? त्यातलं कोन ऱ्हायलंय आता?" ती म्हणाली. मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेत, नजर न उचलता, "मोजून घ्या. फिटलं न्हवं?"

मी मोजले. नव्या पैशांचा मेळ बसायला जरा वेळ लागला. अकरा रुपये पुरे झाले होते.