प्रवाळाचा एक्स-रे

एक्स-रेवाल्या काकांनी दवाखान्याच्या तळमजल्यावर तेवीस वर्षं हाडं पाहिली होती. मोडलेलं हाड घेऊन येणाऱ्यांवर त्यांचा जीव होता. धडधाकट हाड तपासायला आणणाऱ्यांचा मात्र राग यायचा. म्हणून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई चादरीत गुंडाळलेल्या चार दगडी फळ्या घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

हा दगड नव्हे, प्रवाळाचा सांगाडा आहे, असं बाईंनी समजावलं. दर वर्षी त्यात एक फिका आणि एक गडद पट्टा चढतो. त्यावरून कुठल्या साली समुद्र किती तापला ते कळतं. त्यांचं स्वतःचं मशीन बंद पडलं होतं आणि मोठ्या डॉक्टरांची परवानगी होती.

परवानगी असली तरी फॉर्म भरल्याशिवाय काका बटणाला हात लावत नसत. पेशंटचं वय? एकशे चाळीस. त्रास काय होतोय? बाईंनी जरा विचार केला आणि उष्णतेचा, असं सांगितलं. काकांनी तसं लिहून घेतलं आणि सवयीने पडद्याआडून फर्मावलं, "श्वास रोखून धरा." बाईंनी धरला. फोटो झकास आले.

पण काकांना चैन पडेना. डबा बाजूला सारून त्यांनी पट्टे तीनदा मोजले. एकशे एकोणचाळीसच भरत होते. बाई आपल्या आकड्यावर ठाम. शेवटी काकांनी एका बारीक गडद रेघेवर बोट ठेवलं.

"हे वर्ष नाही, आजारपण आहे. लहान मूल खूप आजारी पडलं की हाडाची वाढ थांबते, तिथे अशीच रेघ उमटते."

 बाईंनी ती जागा खरवडून भुकटी तपासायला पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: काकांचं बरोबर होतं. भर उन्हाळ्यात पाणी अतोनात तापलं होतं आणि प्रवाळ वाढायचंच थांबलं होतं. काकांनी फॉर्मवरचं वय एका वर्षाने कमी केलं आणि खाली सही ठोकली.

फिल्मची एक प्रत ते ऐटीत घरी घेऊन गेले. खिडकीशी धरून बायकोला वरच्या ताज्या पट्ट्यापासून खाली रेघेपर्यंत सव्वीस वर्षं मोजून दाखवली आणि मोजता मोजता जीभ चावली. रेघ त्यांच्या लग्नाच्या उन्हाळ्यावर होती.

बायकोने फिल्म हातातून घेतली, नीट निरखली.

"त्या उन्हाळ्यात तुमच्या खोलीत उकाड्याने जीव जातोय असं मी म्हणत होते, तर तुम्ही म्हणालात, तुला सवय नाही. याला तर समुद्राची सवय होती ना?"

 काकांनी उठून पंखा वाढवला.