बापटबाई आणि बेटावरचं पाणी

मीटिंगमध्ये कुणी ‘मैत्री’ हा शब्द उच्चारला, की बापटबाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. “मैत्री समजली. पंप बिघडला तर दुरुस्त कोण करणार, ते सांगा.” खराडीतल्या आमच्या कंपनीत त्या मुख्य अभियंता आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्यापुढे थातुरमातुर उत्तर चालत नसे. ‘बघतो’ म्हटलं तर म्हणायच्या, “बघायला सिनेमा आहे. हे करायचं असतं.”

आपल्या सरकारने एका चिमुकल्या बेटांच्या देशाला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प भेट दिला होता. तो आम्ही उभारला. तिथली मरियम नावाची तरुण अभियंता तो चालवायची आणि काही अडलं की थेट बाईंना फोन करायची. एकदा तिने कळवलं, पाणी गाळणारे पडदे निकामी झालेत, नळाला खारट पाणी येतंय. नवे पडदे आमच्या गोदामात तयार होते, पण पाठवायची परवानगी दिल्लीहून मिळेना. कारण त्या देशाने आपलं बंदर दुसऱ्या एका बड्या देशाकडून बांधून घ्यायचं ठरवलं होतं.

बाईंनी माझ्यासमोरच दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना फोन लावला.

“बंदराचा विषय त्यांनी मागे घेतला की माल लगेच सोडू,” अधिकारी म्हणाले.

“अहो, तहान बंदराला लागलेली नाही.”

“मॅडम, हे धोरण आहे. त्यात आपण पडू नका.”

“नाही पडत. मला फक्त पाणी कळतं.”

मग रोज सकाळी बाईंचा फोन आणि रोज तेच उत्तर. त्यांचा वैताग दिवसभर आम्ही झेलायचो. अखेर त्या बड्या देशाचं जहाज बाटलीबंद पाणी घेऊन बेटावर पोचलं, त्याचे फोटो सगळीकडे झळकले. त्याच दुपारी आम्हाला निरोप आला, पडदे विमानाने पाठवा, आजच.

“इतके दिवस तहान दिसली नाही. जहाज बरोबर दिसलं,” बाई म्हणाल्या आणि पडदे बसवायला स्वतः गेल्या.

परत आल्या त्या राजीनामा देऊनच थांबल्या. निवृत्ती जवळ आली होती. कारण विचारायला मी कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो.

“पडदे बसायच्या आदल्या दिवशी मरियमच्या आईने चहाला बोलावलं,” त्या म्हणाल्या. “विचारत होती, आभार कुणाचे मानायचे, जहाजवाल्यांचे की तुमचे? चुकीचं नाव घेतलं तर पाणी पुन्हा बंद होईल का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“चहा घेतला. खारट होता. सगळा संपवला.”